रुई कुणाची

माझ्या मुलीचं लग्न रुईच्या पानावर अडलं होतं. शाळेत मधल्या सुट्टीत मी हे सांगितलं तेव्हा शेजारच्या बाई डबा उघडता उघडता म्हणाल्या, "मानपानावर अडलेलं ऐकलंय. नुसत्या पानावर पहिल्यांदाच ऐकतेय." सगळ्या हसल्या. दुसऱ्या कुणाच्या मुलीचं असतं तर मीही हसले असते.

मुलगी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकली आणि आता तिथल्याच प्रयोगशाळेत काम करते. तिथंच तिच्या वर्गात पालमकडचा एक मुलगा होता. दोघं एकाच समाजाची, आडनावं वेगळी, दोघांच्या घरी कोरडवाहू शेती. आमच्याकडून ना नव्हती, त्यांच्याकडूनही नव्हती. मी तर मांडव गावी घालायचा की परभणीत कार्यालय घ्यायचं, इथपर्यंत येऊन पोचले होते. माझा स्वभावच तसा आहे. उदाहरण वाचून होईस्तोवर उत्तर लिहून मोकळी होते, आणि मग पायऱ्या शोधत बसते. गणिताच्या बाईला हे शोभत नाही, पण आहे ते आहे.

बोलणी करायला मुलाचे आजोबा आले. धोतर, डोक्याला रुमाल, अंगानं किरकोळ, पण बसले की खोली भरल्यासारखी वाटायची. पोहे झाले, चहा झाला, पाऊसपाणी बोलून झालं. मग त्यांनी सहज विचारलं, "देवक कंचं तुमचं?"

"रुई," आमचे हे ऐटीत म्हणाले. यांचं बाजारात बी-बियाण्याचं दुकान आहे. कुठल्याही रोपाचं नाव ते असंच, स्वतः लावल्यासारखं सांगतात.

आजोबांनी बशी खाली ठेवली. "आमचंबी रुईच हाय."

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्नाआधी मांडवात कुळाचं देवक पुजतात. कुणाचं झाडाचं पान असतं, कुणाचं मोराचं पीस, कुणाची वेल. ज्यांचं देवक एक, ते मुळात एका रक्ताचे, भाऊबंद. मग आडनाव काही का असेना, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आजकाल शहरात हे कुणी फारसं बघत नाही. पण पालमचे आजोबा बघत होते.

ते चिडले नाहीत, आवाजही चढवला नाही, म्हणून तर जास्त अवघड झालं. म्हणाले, "पोरगी सोन्यावानी हाय. पन भाऊ-बहिनीचं लगीन लावायचं पाप मह्या हातून व्हायला नको. तुमी तुमचं कुळ नीट बगून घ्या. रुई खरंच तुमची आसंल तर मंग विषय सोडून देऊ."

मुलगा म्हणाला, आपण कोर्टात करू. माझी मुलगी नाही म्हणाली. "मी पाया पडायला वाकले आणि आजोबांनी पाय मागं घेतले, तर? असलं लग्न मला नको." इतकी समजूतदार मुलगी मला कशी झाली कळत नाही. मी तिच्या जागी असते तर कोर्टातच गेले असते.

दुसऱ्या कुणाला असा प्रश्न पडला असता तर त्यानं भावकीला विचारलं असतं. आम्हाला भावकीच नाही. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात आमच्या आडनावाचं एकच घर, आणि आजूबाजूच्या गावांतही दुसरं नाही. घरात पिढ्यान् पिढ्या एकेकच मुलगा. लग्न होऊन आले तेव्हा मला याचा आनंदच झाला होता. माहेरी कुणा ना कुणा चुलत्या-पुतण्याचं सुतक कायम चालू असायचं, इथं ती कटकट नाही. हे लोक एकटे का आहेत असं काही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

"आपण मूळचे कुठले?" मी यांना विचारलं.

"कुठून तरी आलो असू."

"कुठून तरी म्हणजे कुठून?"

"तिकडून," हे म्हणाले, आणि हात कूलरच्या दिशेनं केला.

घरात विचारण्यासारखं मोठं माणूस एकच होतं. यांची आत्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. त्यांचं लहानपणी लग्न झालं होतं, पण त्या नांदल्या नाहीत, माघारी आल्या, एवढंच मला सांगितलेलं होतं. सासूसासरे गेल्यावर गावातलं घर बंद केलं आणि आत्याबाईंना परभणीला आणलं. मागच्या दारात पाटावर बसून त्या दिवसभर काही ना काही निवडत असायच्या. निवडायला काही नसलं तर निवडलेलंच पुन्हा निवडायच्या. त्यांना विचारावं असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. कुळ बापाकडून मुलाकडं येतं, त्यात आत्येला काय विचारायचं, असंच काहीतरी डोक्यात असणार. तसा विचार केला असंही नाही. तो विचारच आला नाही.

आत्याबाईंचं एक होतं. दर शनिवारी मी मारुतीसाठी रुईच्या पानांची माळ करते. मी पानं घेऊन बसले की त्या उठून अंगणात जायच्या, आणि माळ देवळात गेल्याशिवाय आत यायच्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, "रुईचं दूध डोळ्यात जातंय." पान तोडणारी मी, ओवणारी मी, आणि दूध यांच्या डोळ्यात. वय झालं की माणूस तऱ्हेवाईक होतं, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

शोध गावापासूनच सुरू केला. गावाबाहेरच्या दर्ग्यात उरसाला पहिला गिलाफ, म्हणजे कबरीवरची चादर, आमच्या घरचा चढतो. तो मान आमचाच का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मान असला की माणूस प्रश्न विचारत नाही. मुजावर म्हातारे आहेत. त्यांनी कापडात गुंडाळलेलं दफ्तर आणलं, तोंडातल्या तोंडात काही म्हटलं आणि उघडलं. मजकूर उर्दूत होता. त्यांचं बोट उजवीकडून डावीकडं जायचं आणि मी सवयीनं ओळीच्या भलत्याच टोकाला बघत बसायचे.

"तुमचे पडदादे आमच्या पडदाद्यासंगं आलेत," यांच्या पणजोबांचं नाव वाचून ते म्हणाले. "एकाच गाडीत. बीदरकडून."

"एका गाडीत का बरं?"

"अब ये कैसे बोलूं, बाई? आले यवढंच लिहेलं हाय. मानलेले भाऊ व्हते. म्हनून तर पैला मान तुमाला."

"आणि देवक?"

ते हसले. "देवक हमारेकू क्या मालूम? नवसाचं इचारा, गिलाफाचं इचारा."

येताना मोटरसायकलवर हे जिंतूरपर्यंत काही बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "पण मला तर कानडीचा एक शब्द येत नाही."

मी मागच्या मागं कपाळावर हात मारला. पण मनातून मला बरं वाटलं होतं. चला, एक पायरी तरी मिळाली. बीदरकडचे आपण, पालमची माणसं तिकडची नसणार, म्हणजे रक्त वेगळं. मी पुन्हा उत्तर लिहून मोकळी झाले होते.

शाळेला सुट्ट्या लागल्यावर आम्ही दोघं गाडीनं एका तीर्थाच्या गावी गेलो. यांचे आजोबा तिथं कधीतरी पिंडदानाला गेले होते, असं सासरे सांगायचे. त्या ठिकाणी तालुक्यातालुक्याचे उपाध्ये वेगळे असतात आणि त्यांच्याकडं यजमानांच्या घराण्यांच्या वह्या असतात. आमच्या तालुक्याच्या उपाध्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि भिंतीतल्या कपाटातून एक लांबलचक वही ओढून काढली. मला वाटलं होतं, तासभर तरी लागेल. त्यांनी पाच-सहा पानं उलटली आणि यांच्या आजोबांचं नाव वाचलं. खाली अंगठा होता. यांचा चेहरा असा झाला, की मी तिकडं बघायचं टाळलं. आजोबांना त्यांनी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

"मूळ गाव वऱ्हाडात," उपाध्ये म्हणाले.

"बीदर," मी म्हणाले.

"वऱ्हाड. हे काय, स्पष्ट लिहिलंय."

"दर्ग्यात बीदर लिहिलंय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. दर्ग्याचं काय करायचं ते त्यांनाही समजलं नसावं. मग त्यांनी यांच्या पणजोबांचं नाव वाचलं, आणि ते मुजावरांनी वाचलेल्या नावापेक्षा वेगळं निघालं. थोडंथोडकं नाही, साफ वेगळं. एक पाळण्यातलं असेल, एक हाक मारायचं असेल, असं उपाध्ये म्हणाले. किंवा माणसंच दोन असतील, असंही म्हणाले.

"म्हणजे मी कुणाचा?" यांनी विचारलं. गमतीत विचारलं, पण आवाज गमतीचा नव्हता.

देवकाचं विचारलं तर उपाध्ये म्हणाले, "देवक लग्नातलं. आमच्याकडं माणसं मेल्यावरची कामं घेऊन येतात. आम्ही देवक लिहीत नाही." यांनी वहीत आपलं नाव लिहिलं, शेजारी माझंही लिहिलं. मुलीचं लिहू का म्हणून विचारलं तर उपाध्ये म्हणाले, "मुली सासरच्या वहीत जातात." मी मान डोलावली. तिला सासरच मिळायची पंचाईत झाली होती, आणि हे सासरच्या वहीचं बोलत होते.

घरी आल्यावर मी एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर आकृती काढली. मध्ये आमचं गाव. खालून एक बाण, बीदर. वरून एक बाण, वऱ्हाड. दोन पणजोबा. कितीही वेळ बघितलं तरी ते पान आमचं घर वाटेना. मुलगी खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, "आई, यातलं कोणतं खरं निघालं तर माझं लग्न होतं?"

आपण काय शोधतोय हेच माझ्या हातून निसटलं होतं. बीदर निघालं तरी रुई ती रुईच, वऱ्हाड निघालं तरी रुईच. आम्ही गावोगाव हिंडून पूर्वज गोळा करत होतो आणि पान होतं तिथंच होतं. मला स्वतःचाच राग आला. मुलगी प्रयोगशाळेतून येऊन मुकाट जेवत होती. पूर्वी ती भांडी घासतानासुद्धा गुणगुणायची, ते बंद झालं होतं, आणि मी नकाशे काढत होते.

राहता राहिले भाट. आमच्या घराण्याचे भाट चार-दोन वर्षांनी फिरत यायचे, वंशावळ वाचायचे, धान्य-कपडा घेऊन जायचे. सासरे गेल्यापासून आले नव्हते. गावातल्या शेजाऱ्यानं त्यांचा मोबाईल नंबर मिळवून दिला. मी फोन लावला, देवक विचारलं, वहीत बघून सांगा म्हटलं.

"बाई, वही फोनवर उघडत नसतेत," तिकडून आवाज आला. "वही म्हंजे काय गॅसचं पुस्तक हाय का? पूजा मांडा, घरातले समदे बसा, मी येतो."

पालमच्या आजोबांना कळवलं. ते म्हणाले, "मी येतो ना. मह्या कानानं ऐकतो." ते नातवाला घेऊन एसटीनं आले, स्टँडवरून रिक्षानं घरी. मुलगा दारातच अंग चोरून उभा राहिला. मुलीनं त्याला पाणी दिलं आणि त्याच्याकडं न बघता आत गेली. मी चहा टाकला, त्यात साखर दोनदा घातली.

भाट म्हणजे म्हातारा माणूस असणार असं मी धरून चालले होते. हे चाळिशीचे, खिशात दोन पेनं, पायात बूट. पण वहीला हळदकुंकू लागलं आणि त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली, तेव्हा आवाज भलत्याच माणसाचा निघाला. ते सूर लावून वाचत होते आणि आमच्या बैठकीत, टीव्हीखाली, आमची पिढीमागून पिढी उठून येत होती. अमक्याच्या पोटी अमका, त्याच्या पोटी अमका. सगळे शूर, सगळे दानी. हे भारावून ऐकत होते. मी फक्त गावाची वाट बघत होते.

"मूळ ठिकाण पैठणाकडं, गोदाकाठ," भाटांनी वाचलं.

यांना हसू फुटलं. "या! आणखी एक आलं."

पणजोबांचं नाव मात्र उपाध्यांच्या वहीतलंच निघालं. मी त्या आकृतीत बीदरवर काट मारावी की नाही या विचारात असतानाच भाटांनी पुढची ओळ वाचली.

"देवक रुई."

पालमच्या आजोबांनी मान खाली घातली. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. मुलगा भिंतीकडं बघत होता. मुलगी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तिथं धुण्यासारखं काही नव्हतं.

मला राहवेना. मी उठून भाटांच्या शेजारी जाऊन बसले. "दाखवा कुठं लिहिलंय. आणि याच्या आधीच्या पिढ्यांना काय देवक लिहिलंय?"

त्यांनी पानं मागं उलटली. "मागं लिहेलं न्हाई. पैले देवक लिहायची चालच नव्हती. हे मह्या बापाच्या हातचं हाय. तुमच्या आजेसासऱ्यानं सांगितलं, बापानं लिहिलं."

"तपासून नाही बघितलं?"

"काय तपासावं, बाई? घरचा धनी आपल्याच कुळाचं खोटं कामून सांगंल?"

पण माझा राग आता कुठं तरी निघायलाच हवा होता. "तुमच्या वहीत घरातलं खरं काय काय आहे ते तरी कळू दे. आजेसासऱ्यांना मुलं किती लिहिलीत?"

"येकच ल्योक. तुमचे सासरे."

"आणि आत्याबाई?"

"पोरी लिहीत न्हाईत, बाई. त्या सासरच्या वहीत जातेत."

"त्या सासरी नांदल्या नाहीत."

भाटांनी क्षणभर विचार केला. "मंग तिकडंबी नसतेल," ते म्हणाले. अगदी साधेपणानं म्हणाले, त्यात काही वाईट हेतू नव्हता.

"मी हितं हाय," मागच्या दारातून आवाज आला.

आत्याबाई पदर सावरत चौकटीला धरून उभ्या होत्या. वही वाचायची म्हणून सगळ्यांना बसवलं होतं, त्यात त्यांना बोलवायचं राहून गेलं होतं. माझ्याकडूनच राहिलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, वहीकडं बघत होत्या.

"रुई आपली न्हाई," त्या म्हणाल्या.

"आत्या, तू बस," हे म्हणाले.

"बसायला कशाला? सांगते आन् जाते." पण त्या बसल्या, दारातच, उंबऱ्याला टेकून. "मह्या लग्नातली हाय ती रुई. त्या साली लय दुष्काळ पडला व्हता. झाडाला पान न्हवतं. बा आन् गावातली मानसं देवकाचं पान हुडकायला गेली, पार डोंगरापल्याड. वऱ्हाड येऊन बसलं तरी ह्यांचा पत्त्या न्हाई. मंग आले, रिकाम्या हातानं. तवा गुरवानं बांधावरची रुई तोडून आनली. म्हनला, काई तरी हिरवं पायजे ना. तीच पुजली."

"मग पुढं?" मी विचारलं.

"पुडं काय? दोन-तीन सालं नांदले. पोटी काई व्हईना. सासरच्यांला कुठून तरी कळालं. म्हनले, देवकच खोटं पुजलंय, पोरगीबी खोटीच निगाली. आनून घातलं बाच्या दारात." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मंग बा इरेला पेटला. गावभर सांगत सुटला, रुईच आमचं देवक हाय, बापजाद्यापसून हाय. पुडं भावाच्या लग्नात रुईच पुजली. भाटाला रुईच सांगितली. ज्यांला म्हाईत व्हतं ते बाच्या तोंडाला लागले न्हाईत. आता त्यातलं कोनी उरलं न्हाई."

मला शनिवारच्या माळा आठवल्या. इतकी वर्षं दर शनिवारी मी ती पानं घेऊन त्यांच्यासमोर बसत होते. माझ्या स्वतःच्या लग्नातही रुई पुजली होती. तेव्हाही त्या मागच्या बाजूलाच कुठं तरी असणार.

पालमचे आजोबा पुढं सरकले. "मंग खरं देवक कंचं, आक्का?"

"मला कोन सांगतंय? पोरगी व्हते. मानसं हुडकायला गेली आन् रिकामी आली, यवढं बगितलं. कशाचं पान ते न्हाई म्हाईत."

"मंग रुई नसंल कशावरून?"

आत्याबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं, जसं मी वर्गात शेवटच्या बाकाकडं बघते. "दादा, रुई बांधा-बांधाला व्हती. दुष्काळात तेवढीच हिरवी राहती. रुई हुडकायला कोनी डोंगरापल्याड जातंय का?"

यात बोट ठेवायला कुठं जागाच नव्हती. तीन गावं आणि दोन पणजोबा एका बाजूला राहिले. आम्ही कोण ते अजूनही कळलेलं नव्हतं, आजही कळलेलं नाही. पण आम्ही रुईचे नाही, एवढं त्या दुपारी पक्कं झालं.

आजोबांनी रुमाल काढून तोंड पुसलं, पुन्हा डोक्याला गुंडाळला. त्यांना वेळ लागत होता आणि आम्ही सगळे त्यांच्या बोटांकडं बघत होतो.

"रुई तुमची न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

"म्हंजे तुमचं देवक काय बी आसू द्या, आमचं न्हाई."

"न्हाई."

"मंग सोयरीक व्हती की!"

मुलगा हसला की रडला ते मला नीट दिसलं नाही, कारण माझेच डोळे भरून आले होते. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मुलगी ओल्या हातांनी बाहेर आली आणि आजोबांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत. यांनी तिला साखर आणायला पाठवलं, मग पेढे आणायला स्वतःच निघाले, मग चप्पल सापडेना म्हणून परत आले. सगळे एकदम बोलायला लागले. भाटांनी पेन काढून विचारलं, "मंग रुई खोडू का? आन् तिथं काय लिहू?" त्यांनी रुई खोडली आणि पुढं जागा मोकळी ठेवली. लग्नात पुजायचं काय, म्हणून यांनी आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, "ते बगू आपुन. आता एका घरातले झालो." सगळे हसले.

मी साखरेची वाटी घेऊन दारात आत्याबाईंपाशी गेले. त्या सगळ्यांकडं बघत होत्या. हसणाऱ्या एकेकाच्या तोंडाकडं, आळीपाळीनं.

"तवाबी म्या हेच सांगितलं व्हतं," त्या मला हळूच म्हणाल्या. "भर मांडवात. बा, हे पान आपलं न्हाई, म्हनले. बानं मुस्काटात मारली. माघारी आले तवाबी हेच सांगितलं. तवाबी मारली."

मी त्यांच्याजवळ उंबऱ्यावर बसले.

"आज तेच सांगितलं, तर समदे साखर खायलेत. येका जनानंबी न्हाई म्हनलं न्हाई." त्यांनी माझा हात धरला. "तवा कसं कोनाला पटलं न्हाई गं? तू शाळेत शिकवतीस. सांग की."

त्या रागानं विचारत नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी वाटी पुढं केली, पण त्यांनी साखर घेतली नाही. मी काहीतरी सांगेन म्हणून त्या माझ्याकडं बघत राहिल्या.